मान डोलवून होकार द्या

३ मार्च, सोमवार

भुवया वर गेल्या माझ्या! आपसूक. आता काय करू?

रसेलने चहाच्या ओट्यापाशी गाठलं. मी दुधाची पावडर कालवत होते, पाठ त्याच्याकडे. म्हणाला, "मिली, ब्रिस्बेनच्या मुख्य ऑफिसात एक जागा निघालीय. दोन वर्षांसाठी. नवीन काय काढायचं, मोडलेलं काय आधी दुरुस्त करायचं, हे ठरवणाऱ्यांत बसायचं. जाशील?" मी वळले आणि भुवया उंचावल्या. आमच्या फिजीत याचा अर्थ हो. अख्ख्या सुवा शहराला ठाऊक आहे, एकट्या रसेलला नाही. ऑस्ट्रेलियाहून येऊन आठ महिने झाले तरी तो अजून उत्तरासाठी माणसाच्या ओठांकडे बघतो. जरा थांबला, मग म्हणाला, "बरं, विचार कर. एकतीस तारखेला मला नाव कळवायचंय." कप घेऊन गेला.

सुटले! पण मी हो म्हटलं का? नाही. साहेबाने काही विचारलं तर तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून भुवया. "ऐकलं" एवढंच. मग "हो" कसं असतं आणि "ऐकलं" कसं? चव्वेचाळीस वर्षं ह्या भुवया वापरतेय, हा प्रश्न आजच पडला.

जायचं नाही हे नक्की. तातांना, म्हणजे वडिलांना, एकटं टाकून कुठे जाणार? उद्या स्वच्छ शब्दांत नाही सांगते.

४ मार्च, मंगळवार

सांगितलं नाही. तो फोनवर होता.

५ मार्च, बुधवार

फोनवर नव्हता. तरी सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवार – म्हणजे "नवीन काय" लिहायचा दिवस. हॉटेलं, बोटी, बँका, सगळीकडची नोकरमाणसं आमच्या प्लॅटफॉर्मवर कामाचे धडे घेतात: आग लागली तर काय करायचं, पाहुणा चक्कर येऊन पडला तर काय. कंपनीने त्याला मोठं झकपक नाव ठेवलंय, पण फिजीत सगळे त्याला "मास्तर" म्हणतात. मास्तरमध्ये दर आठवड्याला काही नवं येतं, काही दुरुस्त होतं, आणि ते चार ओळींत लोकांना सांगायचं हे माझं काम. आजच्या ओळी:

नवीन – धडा संपला की मास्तर कॅमेऱ्यातून तुमच्याकडे बघून विचारेल, "समजलं का?" बटण दाबायला नको.

नवीन – सगळ्या सूचना आता फिजीच्या भाषेतही.

दुरुस्त – धडा पुरा झाल्यावर पडद्यावर उडणाऱ्या रंगीत चिटोऱ्या आता थांबतात.

किरकोळ सुधारणा.

ही शेवटची ओळ ब्रिस्बेनच्या हुकमाने दर आठवड्याला घालावीच लागते. मला ती सोसत नाही. किरकोळ कुणासाठी? सिकेली – आमच्या इथला एकमेव प्रोग्रामर – म्हणाला, "ताई, किरकोळ म्हणजे मी काय मोडलं आणि काय जोडलं ते मलाच आठवत नाही."

भाषांतर यंत्राने केलंय, तपासलं मी. मूळ सूचना होती "मान डोलवून होकार द्या." आमच्या भाषेत ती "चेहऱ्याने हो म्हणा" अशी उतरली. किती गोड! लगेच मंजूर केली. मान डोलवा काय – आम्ही नंदीबैल आहोत का? असल्या सूचना जिथे लिहितात त्या टेबलाशी आमच्यातलं एकही माणूस नाही, म्हणून हे असं होतं.

ब्रिस्बेनचं हवामान बघितलं. सहज.

९ मार्च, रविवार

चर्चहून आल्यावर नारळाच्या दुधातली पालुसामी आणि दालोचे उकडलेले कंद. ताता दुसऱ्यांदा वाढून घेत होते. विषय काढावा म्हणून म्हटलं, "ताता, मी दोन वर्षं घरात नसले तर?"

"का? काय केलंस? तुरुंगात टाकतायत?"

"ब्रिस्बेनला. नोकरीच्या कामाने."

तातांनी आणखी एक दालो ताटात ओढला. मग म्हणाले, "तुझ्या खोलीत मोठी चटई बसेल का गं? कावाचा ग्रॉग प्यायला आम्ही आठजण असतो, ओसरीवर पाणी गळतं."

"मी जाणार नाहीये, ताता."

"मग खोली कशाला दाखवलीस?"

वाईट वाटायला हवं होतं का? मी ह्यांच्यासाठी राहतेय, आणि हे चटई मोजतायत!

११ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत आकानिसीचा फोन. ही माझी आतेबहीण. आते-मामे भावंडांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं असतं, आणि ती हा हक्क एक दिवसही वाया जाऊ देत नाही. सिंगातोकाच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्याच्या साफसफाईवर देखरेख करते.

"ए शहाणे! तुझा मास्तर आंधळा आहे की मी भूत आहे?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणे! आगीचा धडा पुरा केला. तो विचारतो समजलं का. मी म्हणते समजलं. तर म्हणतो, 'तुमचं लक्ष नाही असं दिसतं. चला, पहिल्यापासून सुरू करू या!' आणि वर पडद्यावरचं ते कासव हसतं. ते कासव कुणी काढलं गं? मला त्याचा पत्ता हवाय."

"पुन्हा करून बघ ना."

"पुन्हा? अगं, आता मला तो धडा पाठ झालाय. कपडे घडी घालताना पोरी तो गातात. दोन सुरांत!" मग आवाज खाली आला. "मिली, चेष्टा नाही. मॅनेजर म्हणालाय, महिनाअखेर धडा पुरा नसला तर मजला त्या नव्या पोरीला. मी तिथे एकोणीस वर्षं काढलीत."

बघते म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

हॉटेलच्या नोंदी बघितल्या. अख्ख्या हॉटेलात पास फक्त दोघं – समुद्रात बुडी मारायला शिकवणारा फ्रेंच माणूस आणि न्यूझीलंडचा मुख्य आचारी. बाकी सगळे "लक्ष नाही".

त्या दोघांच्या खोल्यांत वायफाय चांगलं असणार.

१३ मार्च, गुरुवार

ब्रिस्बेनला कळवलं. उत्तर आलं: उजेड कमी असेल. आकानिसीला सांगितलं, उजेडात बस. ती पोहण्याच्या तलावाकाठी उन्हात बसली. लक्ष नाही.

ब्रिस्बेनचं दुसरं उत्तर: कानामागे फूल लावलेलं असल्यास काढावं, कॅमेरा गोंधळतो. हे तिला सांगायला मला दुपार लागली.

"फूल काढू? हॉटेलवाल्यांनीच लावायला सांगितलंय! उद्या म्हणतील नाक काढ."

काढलं. लक्ष नाही.

रसेलने विचारलं, "मिली, विचार झाला?" भुवया! पुन्हा! ह्या बाईचं काय करावं?

१४ मार्च, शुक्रवार

आजचं "नवीन काय":

नवीन – कोण पुढे, कोण मागे, हे आता सगळ्या सहकाऱ्यांना दिसेल. चला, चुरस होऊ द्या!

दुरुस्त – कमी उजेडातील कॅमेरा.

किरकोळ सुधारणा.

दुपारी फोन. मला तो घ्यायचा नव्हता. "मी शेवटची आहे," आकानिसी म्हणाली. "माझ्या वर कोण आहे माहितीये? वाईसेआ माळी. नाताळात निवृत्त होऊन गावी गेला. मास्तर त्याने कधी उघडलासुद्धा नाही!" हे खरं निघालं. ज्याने एकदाही प्रयत्न केला नाही तो नुसता शून्यावर, आणि जो पुन्हा पुन्हा नापास होतो त्याचे गुण शून्याच्या खाली जातात. हे कुणी ठरवलं? तिथे कुणीतरी टेबलाशी बसून, कॉफी पीत, हे ठरवलं!

मी असते तर... पण मी नाहीये. नसणारच आहे.

रसेलसाठी पत्राचा मसुदा केला. "आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल" पर्यंत छान जातं, पुढे अडतं.

१७ मार्च, सोमवार

कळलं! आणि कळायला नको होतं!

बसने सिंगातोकाला गेले, स्वतः बघायला. हॉटेलमागच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत आकानिसी कॉम्प्युटरपुढे बसलेली, भोवती तिच्या मजल्याच्या सगळ्या बायका. कासवाने धडा सांगायच्या आधीच त्या पुढचं वाक्य म्हणत होत्या. मी खुर्चीमागे उभी, त्यामुळे मला तिचं तोंड पडद्यावरच दिसत होतं.

मास्तर: समजलं का? चेहऱ्याने हो म्हणा.

आकानिसीच्या भुवया वर गेल्या. डौलात. मागे उभ्या सगळ्या बायकांच्याही गेल्या – एका ओळीत, समुद्राची लाट यावी तशा.

मास्तर: तुमचं लक्ष नाही असं दिसतं.

"ओइले!" मी एवढ्या जोरात ओरडले की कुणाच्या तरी हातातली चादरींची चळत पडली.

मास्तर मान डोलायची वाट बघतोय! फ्रेंच माणूस डोलवतो, न्यूझीलंडवाला डोलवतो. इथे आम्ही "चेहऱ्याने हो" म्हणतोय, आणि कॅमेऱ्याच्या लेखी भुवया वर गेल्या म्हणजे माणूस दचकला, भलतीकडे बघतोय. आणि ती गोड ओळ मंजूर कुणी केली? मी. चाचणी कुणी केली? मीच – पण इंग्रजी पडद्यावर, तिथे लिहिल्याप्रमाणे आज्ञाधारकपणे मान डोलवून.

आकानिसीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे इतके दिवस मी त्याला हो म्हणतेय, आणि त्याला वाटतंय मी बधिर आहे?"

"हो."

"माझ्या पहिल्या नवऱ्यासारखंच की!"

परतताना बसमध्ये आनंद व्हायला हवा होता. पॅसिफिक हार्बरचा थांबा आला आणि आनंद तिथेच उतरला. हे रसेलला समजावून सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की भुवया म्हणजे हो. आणि रसेलला चहाचा ओटा आठवणार. तो काही विसरत नाही.

१८ मार्च, मंगळवार

सिकेलीला एकट्यालाच सांगितलं. तो हसून हसून टेबलावर आडवा झाला. मग म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, ताई. भाषांतर बदलतो – मान डोलवा. शुक्रवारी 'किरकोळ सुधारणा'त घालू. रसेलला भुवईचं भ अक्षर सांगायला नको." आणि वर, "तुलाही ते सोयीचं, नाही का?"

"तुला काय माहीत?"

"मी तेव्हा फ्रिजमागे होतो. तुझ्या भुवया फ्रिजमागून दिसल्या."

दिवसभर ह्या दोन मिनिटांच्या कामाचा मोह. आकानिसीचा मजला वाचतो, माझं गुपितही वाचतं. मग वाईट काय? वाईट हे, की हॉटेलातल्या सगळ्यांच्या नावापुढे "लक्ष नाही" तसंच राहतं. चूक आमची, डाग त्यांना. शिवाय मी हे त्यांच्यासाठी करतेय की स्वतःसाठी, हे मला धड सांगता येत नाही. जे धड सांगता येत नाही ते करू नये, असं वाटतं. वाटतं, पण तरी आकानिसीला निरोप धाडला: उद्या मान डोलवून बघा.

१९ मार्च, बुधवार

निरोप आला. "आम्ही डोलवलं. आधी कुणाला जमेना, मग एकमेकींकडे बघून हसत सगळ्या जमिनीवर. तुझा मास्तर म्हणतो – हालचाल फार होत आहे, कृपया स्थिर बसा."

मोह संपला. देवाने कासवाकरवी निरोप धाडला म्हणायचा!

२० मार्च, गुरुवार

सांगितलं. रसेलच्या खोलीत, दार लावून, आधी पाणी पिऊन.

"रसेल, आमच्याकडे मान डोलवत नाहीत. भुवया जराशा वर केल्या की ते हो असतं. मास्तरला ते कळत नाही. भाषांतर मी मंजूर केलं होतं, चूक माझीही आहे."

तो हळूहळू म्हणाला, "म्हणजे सोमवारच्या बैठकीत, मी सगळ्यांना विचारतो, पटलं का – आणि तुम्ही सगळे नुसते..."

"पटलेलं असतं."

"मला वाटायचं माझे उच्चार कळत नाहीत! म्हणून मी सगळं तीन-तीनदा सांगायचो!"

"म्हणून तुम्ही इतकं हळू बोलता? आम्हाला वाटायचं तुमची तब्येत बरी नसते. शलेश्नीने तुमच्यासाठी आल्याचा काढा आणायला सुरुवात केली ती त्यामुळेच." शलेश्नी हिशेब बघते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची तब्येतही.

"मला वाटलं, इथली पद्धत आहे." खो-खो हसला. मग हसू थांबलं. बघितलंच मी ते थांबताना. "मिली. त्या दिवशी चहाच्या ओट्यापाशी..."

आलं!

"तो होकार नव्हता," मी म्हटलं. "म्हणजे, भुवया होत्या. पण त्यांचा अर्थ ‘ऐकलं’ असा होता."

"दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?"

"येत नाही ओळखता. आम्हालाही."

"मग मास्तरने कसा ओळखायचा?"

 मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं: "मी ब्रिस्बेनला जाणार नाही. वडील आहेत." तोंडाने! स्वच्छ! सरळ शब्दांत!

"ठीक आहे," तो म्हणाला. "जागा एकतीसपर्यंत रिकामी ठेवतो. तसंही दुसरं कुणी पुढे आलेलं नाही." मग डोळे बारीक करून, "की आलंय? सिकेलीच्याही भुवया..."

"सिकेलीच्या सवयीने जातात. त्याची बायको त्याला बेटाबाहेर सोडायची नाही."

घरी येताना किती हलकं वाटलं. केलं एकदाचं. तातांना सांगितलं, मी नाही म्हटलं म्हणून. ते म्हणाले, "माझं नाव नाही ना घातलंस?"

माझ्या भुवया गेल्या वर.

"घातलंस! त्या गोऱ्याला वाटलं असेल मी अंथरुणाला खिळलोय. काल मी नारळाच्या झाडावर होतो!"

२१ मार्च, शुक्रवार

आज फक्त एवढंच पाठवलं: मास्तरचा "समजलं का?" हा प्रश्न पुढच्या सूचनेपर्यंत बंद. आकानिसीचं उत्तर: "कासवही बंद कर."

२५ मार्च, मंगळवार

सिकेली दोन दिवस सगळ्यांच्या भुवयांचे फोटो काढत हिंडतोय. म्हणतो, मास्तरला शिकवायला नमुने हवेत. शलेश्नीच्या भुवया कोरलेल्या, कॅमेऱ्याला फार आवडल्या. माझ्या बघून म्हणाला, "ताई, तुझ्या फार बारीक हलतात. तुला स्वतःलाही कळत नसणार."

काहीतरीच.

हलकं वाटणं गेलं. कारण कळत नाही. बहुधा दमलेय.

२८ मार्च, शुक्रवार

आजचं "नवीन काय", शब्दशः:

दुरुस्त – आमची चूक. फिजीत भुवया उंचावणं म्हणजे हो. मास्तरने ते हो ऐकलं नाही आणि तुमच्या नावापुढे "लक्ष नाही" लिहिलं. तुमचं लक्ष होतं. आमचं नव्हतं. सगळ्या चुकीच्या नोंदी पुसल्या आहेत.

नवीन – होकारानंतर मास्तर आता एक साधा प्रश्न विचारेल, म्हणजे "हो" आणि "ऐकलं" यांतला फरक त्यालाही कळेल.

किरकोळ सुधारणा – ह्या वेळी एकही नाही.

रसेलने वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. त्याने भुवया उंचावल्या! दोन्ही जोर लावून, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. विजेचा धक्का बसल्यासारखा दिसत होता बिचारा, पण हो होतं ते.

दुपारी आकानिसीचा फोन, मागे आरडाओरडा. पास! सगळा मजला पास! मॅनेजरने तिच्यापुढे केक ठेवला म्हणे, मजला तिचाच. फक्त चिटोऱ्या थांबेनात – अजून पडतायत. सिकेली म्हणाला, बघतो. मी म्हटलं, हॉटेलात राहू देत आजचा दिवस.

"आणि तू ब्रिस्बेनला नाही म्हणालीस?" आकानिसी म्हणाली. "मामाचा फोन आला होता. फार दुःखात होता. म्हणाला, चटई आणून ठेवलीय."

"मी त्यांच्यासाठीच तर –"

"गप गं. मला फसव, कासवाला फसव, स्वतःला नको. त्या टेबलाशी आमच्यातलं कुणी नाही, कुणी नाही, म्हणून महिनाभर माझे कान खाल्लेस. मग कोण जाणार तिथे? वाईसेआ माळी?"

फोन ठेवला. तिने नाही, मी.

३१ मार्च, सोमवार, सकाळी, ऑफिसात

नवा मास्तर आज टोंगा-सामोआला जायचा. त्याआधी शेवटची चाचणी माझी. अजून कुणी आलेलं नाही. प्रश्नाची जागा रिकामी दिसली, काहीतरी घालायचं म्हणून घातलं – "ब्रिस्बेनला जायचंय का?" – आणि कॅमेऱ्यापुढे दगडासारखी बसले. चेहरा हलवला नाही. मला अगदी नक्की माहीत आहे, हलवला नाही.

मास्तर: तुमचा होकार नोंदवला आहे. अभिनंदन!

पुन्हा केलं. पुन्हा होकार. चिटोऱ्या अजून पडतायत. रसेलची पावलं जिन्यात वाजतायत. आज तोंडाने सांगायचं.

चाचणीच्या तक्त्यात लिहिलं: त्रुटी आढळली नाही.